वसंताचं चाक

आश्विन लागला की मला ग्रीसचा वास येतो. झेंडूचा येतो, घटाखालच्या ओल्या मातीचा येतो, पहिल्या वेचणीच्या कापसाचा तो उन्हात तापलेला कोरडा वासही येतो. पण या सगळ्यांच्या तळाशी एक जाड, काळपट वास बसलेला असतो आणि नवरात्राच्या दिवसांत तो हळूहळू वर येतो. इतकी वर्षं मी तो कुणाला सांगितला नाही. म्हाताऱ्या माणसाला कसलेही वास येतात, असं म्हणून घरच्यांनी सोडून दिलं असतं.

यंदा मात्र वास खरा होता. माझा पुतण्या नितीन मुकुंदवाडीत राहतो, रेल्वे रुळांच्या पलीकडं. आमची जुनी जीप पाचोडच्या शेतात पत्र्याखाली कित्येक वर्षं पडून होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. नितीननं उन्हाळ्यात ती शहरात आणली, इंजिन बोलतं केलं, रंग दिला, आणि दसऱ्याला आपल्या वडिलांना तिच्यात बसवून पाचोडला न्यायचं ठरवलं. त्याचे वडील म्हणजे माझा धाकटा भाऊ वसंता. पण गाडी रस्त्यावर काढली तशी पुढच्या डाव्या चाकातून घरघर यायला लागली. सरळ रस्त्याला बारीक, उजवीकडं वळताना मोठी.

नितीनचा फोन आला. "मोठे काका, बेअरिंग गेली. मागं कधी बदलली होती का ही?"

"बदलली होती," मी म्हणालो. "एकदा."

"कुठून आणली होती?"

मी म्हणालो, ते तुझ्या बापाला विचार. तो म्हणाला, विचारलं, पण पप्पा त्या गाडीचं नाव काढलं की उठून आत जातात.

चाकातली बेअरिंग ही काही दिसणारी वस्तू नाही. दोन पोलादी कड्या आणि त्यांच्यामधे निमुळते रोलर, ओळीनं बसलेले, ग्रीसमध्ये बुडालेले. गाडीचं सगळं वजन त्यांच्यावर असतं आणि ती चांगली असेपर्यंत ती आहे हे कुणाला कळतसुद्धा नाही.

वडिलांनी ती जीप सरकारी लिलावात घेतली होती. आमचं रान काळं. पाऊस झाला की त्या मातीत बैलगाडीचं चाक आऱ्यापर्यंत रुतायचं, पण या गाडीला गिअरच्या शेजारी दुसरा एक दांडा होता. तो ओढला की चारही चाकांना जोर यायचा आणि ती चिखलातून डुकरासारखी हुंदडत बाहेर पडायची. मोसंबीची क्रेटं भरून आम्ही ओढ्यातून जायचो. पाणी बोनेटला लागायचं. वसंता पाण्यात उतरून पुढं चालायचा, खोली बघायचा, आणि हात वर करून मला बोलवायचा. मी त्याच्या हाताकडं बघून गाडी घालायचो. चालवणारा मी असायचो, कारण मी थोरला होतो, शहरात सरकारी कचेरीत नोकरीला होतो आणि शनिवारी घरी आलो की गाडीची किल्ली माझ्याकडं यायची. आठवडाभर गाडीची उस्तवार वसंता करायचा. ओढ्याचं पाणी चाकांच्या मधल्या हबमध्ये शिरतं, तिथलं ग्रीस ताकासारखं पांढरं होतं, मग रोलर गंजतात, हे तो सांगायचा. मी ऐकायचो आणि पुढच्या शनिवारी पुन्हा गाडी पाण्यात घालायचो.

यंदा नितीन मला बरोबर घेऊन शहरभर फिरला. त्याला वाटलं मला जुनी दुकानं आठवतील. मला आठवत होती, पण ती तिथं नव्हती. जिथं स्पेअर पार्टचं दुकान होतं तिथं मोबाइलची कव्हरं लटकत होती. एका मोठ्या, थंडगार दुकानात काउंटरवरच्या पोरीनं गाडीचं नाव संगणकात घातलं आणि नम्रपणे सांगितलं की अशी गाडी नाही. नितीन म्हणाला, घरासमोर उभी आहे. ती म्हणाली, सर, सिस्टीमला नाही. मग नितीननं फोनवरून एक मागवली. पुडक्यातून ती चकचकीत निघाली, दिसायला अगदी तीच, पण चाकाच्या आसावर चढवली तर केसाएवढी ढिली. केसाएवढंही चालत नाही यात.

शेवटी जुन्या बाजारात एक पांढऱ्या दाढीचे दुकानदार भेटले. नितीननं गाडीचं नाव सांगितलं तसे ते चष्म्यावरून माझ्याकडं बघून म्हणाले, "चचा, इसकू बेरिंग नक्को. चादर चढाव."

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो.

"गाडी का नाम नक्को बोलो," ते म्हणाले, "नाम से कुछ नै मिलता. नाप बोलो." त्यांनी नितीनच्या हातातली झिजलेली कडी घेतली, फडक्यानं पुसली, आतून मोजली, बाहेरून मोजली, जाडी मोजली. मग पोटमाळ्यावरून एक जोडी काढली. "उसाच्या ट्रॉलीला येते ही," हे त्यांनी मराठीत सांगितलं. "आता कारखाने सुरू होतील म्हणून ठेवली. तुमच्या गाडीला माहीत नाही, ती ट्रॉलीची आहे म्हणून. सांगू नका तिला."

तेवढ्यात नितीनचा फोन वाजला. आमचा चुलतभाऊ रंगनाथ, पाचोडहून. नितीननं फोन मोठ्यानं लावला.

"घावली का बेअरिंग?"

"घावली, काका."

"लई झाक. आता बसवाया तेवढं तुझ्या बापाला बोलवू नको," रंगनाथ म्हणाला आणि खो खो हसला. नितीनही हसला. त्याला त्यात काही वाटलं नाही. तो त्या थट्टेतच वाढलेला आहे.

आमच्या भावकीत बोलायची एक रीत आहे. डब्याचं झाकण नीट बसत नसलं, खुर्चीचा पाय डुगडुगत असला, कुणाचं जमलेलं लग्न मोडायला आलं, की म्हणतात, वसंताचं चाक झालंय. गावातलं सरपंचपद डळमळलं तेव्हाही पारावर हेच म्हणाले. माझ्या नातवानं एकदा चिकटवलेलं खेळणं हातात सुटलं तेव्हा म्हटलं, "वसंताचं चाक." त्याला विचारलं, वसंता कोण? त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, अशी वस्तूच असते.

हे बोलणं मी सुरू केलं नाही. पण ते ज्या दिवसातून आलं तो दिवस माझा आहे.

त्या वर्षीही नवरात्रच होतं. त्या वर्षीही डावं चाक घरघरत होतं. वसंतानं हब उघडला तर रोलर मक्याच्या किडक्या दाण्यांसारखे झाले होते. शहरातले दुकानदार म्हणाले, हे विलायती माप आहे, माल दिवाळीनंतर येईल, येईलच असं नाही. वसंता एस.टी.नं रोज कुठं तरी जायचा आणि रिकाम्या हातानं परत यायचा. जेवताना त्याचं लक्ष नसायचं. बोटांनी ताटाच्या कडेवर गोल फिरवत बसायचा. मग त्याला बिडकीनला, विहिरी खोदणाऱ्या एका माणसाच्या आवारात, मोडलेली जीप सापडली. तिच्या मागच्या चाकात तीच जोडी निघाली, चांगली. खंडेनवमीच्या दिवशी दुपारी तो ती घेऊन आला. आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आणली होती, तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून. हे आईनंच मला नंतर सांगितलं. मी संध्याकाळी पोचलो.

चाक बसवण्यात शेवटचं काम फार लहान असतं. दोन मोठे नट असतात. आतला नट चाक किती मोकळं फिरायचं ते ठरवतो. बाहेरचा त्याला अडवून धरतो. दोघांच्या मधे पातळ पत्र्याची एक चकती असते. तिची कड नटावर वाकवली की नट सुटत नाही. तिला सगळे लॉक म्हणतात. वसंतानं बेअरिंगला ग्रीस भरलं, चाक चढवलं, दोन्ही नट हातानं आवळले, आणि मोठा पाना उचलून वळला तर आई मागं उभी. न्हाऊन, कपाळावर मळवट, हातात ताट.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळं लोखंड पूजेला बसतं. विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, शिवणयंत्र, आणि जीप आल्यापासून वसंताचे पाने. धुऊन, पुसून, हळदीकुंकू लावून पाटावर मांडायचे, आणि दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. माणसं वर्षभर काम करून घेतात, एक दिवस हत्यारांनाही इसावा. वसंता म्हणाला, एवढा लॉक वाकवतो आणि देतो. आई म्हणाली, दिवस मावळायच्या आत पूजा झाली पाहिजे आणि आधीच उशीर झालाय. लॉक म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं; तिनं त्याच्या हातातून पाना घेतला. त्यानंही दिला. हसत दिला, असं आई सांगायची.

मग त्यानं त्या हिरव्या लुगड्याची एक लांब चिंधी फाडली आणि स्टेअरिंगला बांधली. आमच्या शेतावर ही खूण सगळ्यांना ठाऊक होती. विहिरीवरच्या मोटारीच्या खटक्याला चिंधी असेल तर आत कुणी तरी उतरलेलं आहे; औताला चिंधी असेल तर ते मोडकं आहे. चिंधी बांधणारानंच ती सोडायची. वसंता दुसऱ्या दिवशी सकाळी बिडकीनला गेला. त्याचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं, बायको पहिल्या नवरात्राला माहेरी गेली होती, तिला आणायचं होतं.

दसऱ्याची दुपार. पोरांनी जीपला झेंडूचे हार घातले होते, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं ठेवलेली. आईला देवीच्या माळावर सीमोल्लंघनाला जायचं होतं आणि तिनं सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं की या वर्षी मी थोरल्याच्या गाडीत जाणार. ती नऊवारी नेसून पुढच्या डाव्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा. गल्लीतली माणसं नवे सदरे घालून भोवती उभी. कुणी तरी म्हणालं, "काय साहेब, काढा की गाडी. का फक्त हारच घालायला ठिवलीय?"

मी आत चढलो आणि चिंधी पाहिली.

हे मला नीट लिहायचं आहे. ती हारांच्या आड नव्हती. झेंडूच्या केशरी रंगात हिरवी चिंधी लपत नाही. मी ती पाहिली, ती कुणी बांधली ते मला कळलं, आणि तिचा अर्थ काय तेही कळलं. मी खाली उतरलो आणि डावं चाक दोन्ही हातांनी धरून हलवून बघितलं. ते हललं नाही. नट हातानं आवळलेला असला तरी उभ्या गाडीचं चाक हलत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण चिंधी का बांधली हे आत जाऊन विचारायला वेळ होता; घरात चुलती होती, काल काम अर्धं राहिलं हे तिनं ऐकलं होतं. मी विचारलं नाही. आई बसलेली होती. माणसं बघत होती. माळ जवळ होता. मी चिंधी सोडली आणि पँटच्या खिशात घातली.

ओढ्याच्या मोरीपाशी उजवीकडं वळण आहे. तिथं चाक निघालं. गाडी डावीकडं बसली आणि आई बाहेर पडली. चाक आमच्या पुढं गेलं, हार घातलेलं, आणि बराच वेळ रस्त्यानं एकटं चालत राहिलं. मग कलंडलं. आई ओरडली नाही. तिनं फक्त लुगडं गुडघ्यावरून खाली ओढलं आणि म्हणाली, "उठवंना रे मला."

खुब्याचं हाड मोडलं होतं.

माणसं जमली. मोरीवर कुणी तरी विचारलं, असं कसं झालं? मी म्हणालो, "कालच वसंतानं चाक बसवलं होतं." एवढंच. ते वाक्य खरं होतं. त्या दिवशी मी एकही वाक्य खोटं बोललो नाही, आणि पुढंही कधी नाही. हे मी मनाशी पुष्कळ वर्षं म्हणत आलो.

वसंता संध्याकाळी बायकोला घेऊन आला. ती नवी पोरगी उंबऱ्याबाहेर पिशवी घेऊन उभी, आणि घरात वडील त्याला नको ते बोलत होते. तो म्हणाला, "म्या चिंधी बांधली व्हती." वडील म्हणाले, कुठंय चिंधी? रंगनाथनं गाडी बघून येऊन सांगितलं, चिंधी-बिंधी काही नाही. मी आईबरोबर शहराच्या दवाखान्यात होतो, हे मला नंतर कळलं. म्हणजे ज्या वेळी तो तिथं चिंधी चिंधी म्हणत होता त्या वेळी ती माझ्या खिशात होती. दवाखान्याच्या नळावर मी हात धुतले, ती ओली करून तोंड पुसलं, आणि खिडकीतून खालच्या गटारात टाकली. तिला ग्रीसचा वास होता. तोंडाला लागलेला तो वास पुढं कितीतरी दिवस गेला नाही.

पाचोड फाट्यावर वसंता गॅरेज टाकणार होता. जागा बघून ठेवली होती, पाटी रंगवायला दिली होती. दिवाळीत त्यानं विषय काढला तेव्हा वडील म्हणाले, "ज्यानं आईचं हाड मोडलं त्याच्याकडं कोण आणील गाडी?" आम्ही जेवायला बसलो होतो. मी दुधात भाकरी कुस्करत होतो. मी कुस्करतच राहिलो.

तो वाळूजच्या एका कारखान्यात लागला. जन्मभर खोकी बांधली. चांगली बांधली असणार, पण खोकीच.

आई काठी घेऊन चालायला लागली. ती वसंताला टाकून बोलली नाही कधी. पण दिव्याचं बटण बिघडलं, पंपाचा पट्टा सुटला, आणि तो उठला, की म्हणायची, "ऱ्हाऊ दे. दादा यील शनवारी." मी शनिवारी जायचो. मला बटण दुरुस्त करता येत नव्हतं. मी गावातल्या वायरमनला बोलवायचो आणि आई शेजारणींना सांगायची, थोरल्यानं केलं. वसंता दारात उभा राहून हे ऐकायचा. आई गेली तेव्हाही तिनं पाणी माझ्याकडं मागितलं.

सांगायचं ठरवलं नाही असं नाही. आधी वडील तापट होते म्हणून नाही सांगितलं. मग आईचं दुखणं होतं. मग ते सगळं जुनं झालं, आणि जुन्या गोष्टीचं एक असतं, ती घरात जिथं असते तिथंच बरी वाटायला लागते. लोक तिच्याभोवतीनं वाट काढतात. थट्टा झाली तशी मला जराशी सुटकाच वाटली. ज्या गोष्टीवर माणसं हसतात ती काही फार मोठी नसते, असं मला वाटून घेता आलं.

यंदा खंडेनवमीला मी मुकुंदवाडीला गेलो. नितीन अंगणात चाक चढवत होता. वसंता लांब, जिन्याच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होता. हात मांडीखाली घेतले होते. मी म्हणालो, जवळ तरी ये. तो म्हणाला, "नको बाबा. माझी नजर लागली तरी चाक निघतं." आणि हसला. ही थट्टा तो स्वतःच पहिल्यांदा करतो, दुसऱ्यानं करायच्या आत. हे मला इतक्या वर्षांत कधी खटकलं नव्हतं.

नितीनची बायको सुजाता ताट घेऊन बाहेर आली. "अहो, द्या ना तो पाना. पूजेची वेळ चाललीय."

नितीननं पाना तिच्याकडं करायला हात उचलला.

"थांब," वसंता म्हणाला. उठून उभा राहिला होता. "पोरी, थांब. आधी लॉक वाकू दे."

"पप्पा, दोन मिनिटांचा प्रश्न आहे, उद्या..."

"उद्या नाय. आत्ता. देवी थांबती. थांबती ती, मला म्हाईत हाय."

त्याचा आवाज असा मी ऐकला नव्हता. नितीननं गुपचूप नट आवळला, जरा ढिला केला, चाक फिरवून पाहिलं, चकतीची कड छिन्नीनं नटावर वाकवली. मग पाना पुसून सुजाताच्या ताटात ठेवला. ती दोघं आत गेली. अंगणात आम्ही दोघंच राहिलो, आणि ग्रीसचा उघडा डबा.

मी म्हणालो, "वसंता, ती चिंधी मी सोडली होती."

"कंची?"

"हिरवी. स्टेअरिंगची. दिसली होती मला. सोडून खिशात घातली."

तो पुन्हा खुर्चीवर बसला. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पण डोळ्यांवर ठेवला नाही.

"मला वाटलं, हार घालताना कुण्या पोरानं काढली," तो म्हणाला. "लई पोरं व्हती."

"नाही."

"म्या सगळ्यांना तेच सांगितलं. नितीनच्या आईलाबी. ती म्हणायची, तुमच्या दादांनी सोडली आसंल. म्या तिच्याशी भांडायचो त्याच्यावरून. म्हणायचो, दादाला दिसली असती तर दादानं गाडी काढलीच नसती." मग म्हणाला, "ती मरेस्तोवर म्या भांडलो."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो तर तो खुर्चीत जरा सरकला. रागानं नाही. बसमध्ये अनोळखी माणसासाठी सरकतात तसा.

"मला कशाला सांगतोस पण?" तो म्हणाला. "म्या लॉक वाकवला नव्हता, चिंधी बांधली व्हती, हे मला ठाऊकच व्हतं. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांग."

मी म्हणालो, सांगतो. उद्याच सांगतो.

दसऱ्याला आम्ही जीपमधून पाचोडला गेलो. चाकाचा आवाज नव्हता. बिडकीनवरून वळसा घेऊन जाताना औद्योगिक वसाहतीचे नवे, रुंद, रिकामे रस्ते लागले आणि नितीननं गाडी जरा पळवली. वसंता डाव्या सीटवर बसला होता. सगळ्या वाटेत तो माझ्याशी बोलला नाही, सुजाताशी कापसाच्या भावाबद्दल बोलत राहिला.

संध्याकाळी जुन्या घराच्या ओट्यावर भावकी जमली. आपट्याची पानं देणं-घेणं सुरू झालं. रंगनाथ आला. तोही आता थकलाय, पण जिभेला थकवा नाही. वसंताच्या हातात सोनं देत म्हणाला, "काय गड्या, आलास व्हय धड? चाक हाय ना जागंवर?"

सगळे हसले. वसंताही हसला, माझ्याकडं न बघता.

मी उभा राहिलो आणि सांगितलं. म्हणालो, रंगनाथ, ते चाक वसंताच्या चुकीनं निघालं नाही. त्यानं काम अर्धं राहिलं म्हणून खूण बांधली होती. ती खूण मी पाहिली आणि मी सोडली. आईचं हाड माझ्यामुळं मोडलं. आणि मी गप्प बसलो. हे सगळं मी मोठ्यानं सांगितलं, मागं बसलेल्या बायकांनाही ऐकू जाईल असं.

रंगनाथचे डोळे भरून आले.

"दादा," तो म्हणाला, "काय मानूस हाव तुमी. या वयात बी धाकट्याला पदराखाली घेता. त्याचं समदं आपल्या अंगावर."

मी म्हणालो, "अंगावर घेत नाही रे, माझंच आहे ते."

"व्हय, व्हय. तुमचंच," रंगनाथ म्हणाला, रुसलेल्या लेकराला म्हणतात तसं, आणि वाकून माझ्या पाया पडला. त्याच्या मागून त्याची सून पडली. मग पोरं. कुणी तरी म्हणालं, असे थोरले आता ऱ्हाइले नाहीत. मी पाय मागं घेत होतो आणि ते पुढं येत होते. भिंत आली तिथं मला थांबावं लागलं.

गर्दी पांगल्यावर वसंता ओट्याच्या कडेला बसून होता. मुठीतली आपट्याची पानं चुरगळली होती. मी शेजारी बसलो.

"बघितलंस?" तो म्हणाला. "तुझं कायबी व्हत नाय, दादा. तवा गप बसून मोठा झालास. आता बोलून मोठा झालास. माझं हाय तिथंच."

म्हणून मी हे लिहिलं. लिहिलेल्यात आवाज भरून येत नाही आणि कुणाला वाकता येत नाही. हे छापून पाचोडला प्रत येईल तेव्हा नितीन ती रंगनाथला वाचून दाखवणार आहे, मी चिंधी सोडून खिशात घातली तो भाग दोनदा. त्यातून त्याला काय कळेल ते कळो. हे वाचून कुणी माझ्या पाया पडायला आलं, तर मी दार उघडणार नाही.